परदेशीं वानप्रस्थ : जाण्यापूर्वींचा विचार

मागील अंकांत याच सदरांत मृत्युपत्राविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं पुष्कळ पत्रांत मृत्युपत्राचा उल्लेख नांवापुरता असून खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत होता. 'मुलगा अमेरिकेंत स्थायिक झाला आहे. आतां तेथें दोघेंच काय करतां, कायमचीं इकडे या, असें तो दर आठवड्यास म्हणतो. मास्तर, आमच्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें?' शब्दांत थोडाफार फरक, आशय एकच. वाचकांस नम्रपणें सांगावयाचें तें हें कीं, मास्तर त्याच जागीं आहे. गेलीं चार वर्षें हा प्रश्न आमच्या घरांत ठाण मांडून बसला आहे. त्याचें जें कांहीं उत्तर आम्हां उभयतांस सांपडलें, आणि तें शोधतांना ज्या ठेंचा लागल्या, त्या आज वाचकांपुढें मांडतों.

आमच्या शास्त्रकारांनीं उतारवयाची व्यवस्था मोठ्या विचारानें लावून ठेविली आहे. मनूनें सहाव्या अध्यायाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पांढरे झाले आणि मुलाचें मूल दृष्टीस पडलें, म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें. मुलें घरीं आणि वडील अरण्यांत, अशी ती योजना. आज तिची नेमकी उलटापालट झाली आहे. मुलें सातासमुद्रांपलीकडे गेलीं. ज्या घरांत तीं वाढलीं तेंच घर अरण्यासारखें निःशब्द झालें. आणि मुलाचें मूल दृष्टीस पडावयाचें, तर अगोदर वकिलातीच्या कचेरींत बोटांचे ठसे द्यावे लागतात.

समुद्र ओलांडण्याचें भय आतां कोणास राहिलें नाहीं. बौधायनानें समुद्रगमनाची गणना पतनीय कर्मांत केली आहे खरी. परंतु १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या, आणि १९२९ सालीं धोंडो केशव कर्वे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले, तेव्हांच तो वाद मावळतीस लागला. पण एक भेद लक्ष्यांत ठेविला पाहिजे. आनंदीबाई काय किंवा कर्वे काय, हीं माणसें परत येण्यासाठीं गेलीं होतीं. साठी उलटल्यावर, परत न येण्याच्या हेतूनें जाणें ही गोष्ट निराळी आहे. तिचा धडा आमच्या कोणत्याहि जुन्या पुस्तकांत नाहीं.

आमची स्थिति थोडक्यांत सांगतों. माझें वय सदुसष्ट, पत्नीचें त्रेसष्ट. वाईस कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर वडिलार्जित घर आहे. बत्तीस वर्षें शाळेंत मुलांना मराठी शिकविलें आणि सकाळ-संध्याकाळ ओसरीवर संस्कृत. त्यांपैकीं पहिल्या कामाचें निवृत्तिवेतन मिळतें, दुसऱ्याचें समाधान. एकुलती एक कन्या अठरा वर्षांपूर्वीं न्यू जर्सी प्रांतीं गेली आणि अलीकडेच तेथील नागरिक झाली. हें नागरिक होणें महत्त्वाचें. तेथील कायद्याप्रमाणें एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकालाच आईबापांसाठीं कायम वास्तव्याचा अर्ज करतां येतो. नुसतें ग्रीन कार्ड असलेल्यास तो करतां येत नाहीं. शिवाय नागरिकाच्या आईबापांना वार्षिक संख्येची मर्यादा लागत नाहीं, म्हणून नोकरीच्या मार्गानें जाणाऱ्यांप्रमाणें दशकानुदशकें रांगेंत तिष्ठावें लागत नाहीं. म्हणजे दार उघडें आहे. आंत जावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

पहिल्या खेपेस आम्ही गेलों तें वैशाखांत. झाडें पालवलेलीं, रस्ते रुंद, हवा गोड. आठवड्याच्या शेवटीं जांवई एडिसनच्या ओक ट्री रोडवर नेत. तेथें भाकरीच्या पिठापासून कढीलिंबापर्यंत सर्व कांहीं मिळतें. ब्रिजवॉटरच्या वेंकटेश्वराचें दर्शन झालें. आपलीं मराठी माणसेंहि तेथें एकत्र येऊन आहेत. गांवोगांवच्या महाराष्ट्र मंडळांस जोडणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ तर १९८१ पासून चालूं आहे. नातू दिवसभर आजीच्या पदराशीं. सहा महिने केव्हां सरले तें कळलें नाहीं. परततांना विमानांत पत्नी म्हणाली, "अहो, येथें काय कमी आहे? आपलीं माणसें येथें, आणि आपण तेथें काय धरून बसलों आहों?" मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसरी खेप मीं हट्टानें कार्तिकांत ठेविली. ही मास्तराची संवय. सोपा उतारा वाचून दाखविणाऱ्या मुलास मी नेहमीं एक अवघड उतारा देत असें. मगच पाठ थोपटीत असें. मार्गशीर्षांत तेथें साडेचारला सूर्य मावळतो. बर्फ पडलें कीं अंगणांत पाऊल टाकण्यापूर्वीं विचार करावा लागतो. सकाळीं आठला तिघेंहि घराबाहेर पडत; मग सायंकाळपर्यंत आम्ही दोघें आणि भिंतीवरचें घड्याळ. पायीं जाऊन भाजी आणावी, तर दुकान चार मैलांवर आणि रस्त्यास पायवाट नाहीं. मोटार चालवितां न येणारा मनुष्य त्या वसाहतींत पांगळाच. वाईस मी रोज घाटावर जातों, वाटेंत दहा जण थांबवितात, निदान चौघे जुने विद्यार्थी वांकून नमस्कार करतात. तेथें मला ओळखणारा एक टपालवालाच होता, आणि तोहि गाडींतून उतरत नसे.

पौषांत एके रात्रीं पत्नीच्या छातींत दडपल्यासारखें होऊं लागलें. रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली. त्यांच्या तत्परतेस नांव ठेवण्यास जागा नाहीं. रात्रभर तपासण्या झाल्या. सुदैवानें हृदयविकार नव्हता. रक्तदाब फार चढला होता. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं घरीं आणलें. पुढें पंधरवड्यानें बिल आलें. आम्हीं येथून निघतांना प्रवाशांचा विमा घेतला होता. त्या कंपनीनें उत्तर धाडलें कीं, रक्तदाब हें जुनें दुखणें असल्यामुळें त्यापासून उद्भवलेला खर्च आमच्या करारांत बसत नाहीं. किरकोळ रक्कम तेवढी मिळाली. करार पुन्हां वाचला, तेव्हां तें वाक्य त्यांत होतें. आयुष्यभर मुलांना 'उतारा नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः तो उतारा वाचला नव्हता.

खरी ठेंच पुढेंच लागली. फाल्गुनांत नातवाची पेन्सिल शोधतांना टेबलाच्या खणांत रुग्णालयाचा कागद हातीं आला. कन्येनें तें बिल हप्त्यांनीं फेडण्याचें कबूल केलें होतें. दरमहा चारशें डॉलर, दोन वर्षें. एक हप्ता म्हणजे माझें जवळजवळ एका महिन्याचें निवृत्तिवेतन. आम्हांला तिनें अवाक्षर सांगितलें नव्हतें. आमच्या आजोबांच्या पिढींत मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरीं जेवीत नसत. त्या रूढींत मी आतां अडकलेला नाहीं. परंतु तो कागद हातांत घेऊन मी बराच वेळ उभा राहिलों. सायंकाळीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "नाना, माझ्या शिक्षणावर झालेला खर्च तुम्हीं कधीं मोजलांत का?" या प्रश्नास उत्तर नाहीं. पण मोजमाप टळलें नाहीं. तिनें न सांगतां सोसावें आणि आम्हीं न विचारतां राहावें, अशा पायावर उभें केलेलें घर किती दिवस टिकेल, हा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

परत आल्यावर मीं एक वही केली आणि एकेका गोष्टीचा छडा लावण्यास लागलों. त्या वहींतील सार पुढें देतों.

पहिली गोष्ट औषधपाण्याची, कारण तीच सर्वांत महाग. प्रवाशांच्या विम्यांत दोन जाति आहेत. एकींत प्रत्येक उपचाराला ठराविक रक्कम मिळते, मग बिल कितीहि येवो. ही स्वस्त असते आणि वेळेवर तोकडी पडते. दुसरींत ठराविक वाटा आपण सोसल्यावर उरलेल्या खर्चाचा मोठा भाग ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी उचलते. दोहोंतहि जुन्या दुखण्याविषयींचें कलम आधीं वाचावें. कांहीं करारांत जुन्या दुखण्याचा अकस्मात् झालेला उद्रेक तेवढा धरतात, आणि त्यासहि वयाची व रकमेची मर्यादा असते.

कायमचें राहावयाचें तर हिशेब बदलतो. अमेरिकेंत पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीं मेडिकेअर नांवाचा सरकारी विमा १९६५ सालच्या कायद्यानें निर्माण झाला. ज्यानें किंवा ज्याच्या जोडीदारानें तेथें सुमारें दहा वर्षें काम करून त्याचा कर भरला असेल, त्यास रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळतो. आपण तर तेथें एक दिवसहि नोकरी केलेली नसते. म्हणून ग्रीन कार्ड घेऊन सलग पांच वर्षें तेथें राहावें, आणि नंतर तो विमा विकत घ्यावा, असा नियम आहे. २०२५ सालीं रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता. म्हणजे माणशीं सातशें डॉलरांहून अधिक. मधल्या पांच वर्षांत बाजारांतला खाजगी विमा घ्यावयाचा. तेथील कायद्यानें त्यांत जुन्या दुखण्यामुळें नकार देतां येत नाहीं, ही जमेची बाजू. पण वृद्धाकडून तरुणाच्या तिपटीपर्यंत हप्ता घेण्याची मुभा आहे, ही खर्चाची.

याच्याच जोडीस येथला आरोग्यविमा. 'आतां परदेशींच जाणार' म्हणून तो बंद करण्याची घाई करूं नये. एप्रिल २०२४ पासून जुन्या दुखण्यासाठीं थांबण्याचा काळ जास्तींत जास्त तीन वर्षांवर आणला आहे, आणि नवा विमा घेण्यास पासष्ट वर्षांची जी अट असे तीहि काढली आहे. तरी एकदां खंड पडला कीं तीं तीन वर्षें पुन्हां पहिल्यापासून मोजावीं लागण्याचा धोका असतो, आणि उतारवयांत तीन वर्षें ही लहान गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांच्या व त्यापुढील माणसांस, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळूं लागले आहेत. तें कार्ड भारतांतील यादींतल्या रुग्णालयांतच चालतें. परतीच्या वाटेवरचा हा एक दिवा आहे; तो विझवूं नये.

दुसरी गोष्ट कागदांची. पुष्कळांची समजूत अशी कीं, ग्रीन कार्ड घेऊन ठेवावें, मग सहा महिने येथें आणि सहा महिने तेथें. ही समजूत घातक आहे. पाहुणा आणि रहिवासी या दोन जाति कायद्यानें अलग केल्या आहेत. पाहुण्याचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो आणि प्रत्येक खेपेस साधारण सहा महिने राहूं देतात. परंतु राहूं देणें हें विमानतळावरील अधिकाऱ्याच्या हातीं असतें, आणि येथल्यापेक्षां तेथेंच अधिक काळ काढणाऱ्या पाहुण्यास तो प्रश्न विचारणारच. रहिवाशाचें उलट आहे. त्यानें तेथेंच घर मानावें, अशी अपेक्षा असते. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्ड निरुपयोगी ठरूं शकतें. त्यासाठीं दोन वर्षांपर्यंतचा पुनःप्रवेशाचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेंत असतांनाच करावा लागतो. आणि मुलानें एकदां कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला, कीं नंतर पाहुण्याचा नवा व्हिसा मिळणें कठीण. कारण तुमचा हेतु राहण्याचा आहे हें तुम्हीं स्वतःच लिहून दिलेलें असतें. म्हणून आधीं पाहुणा होऊन भरपूर पाहावें, आणि मगच रहिवासी होण्याचा अर्ज करावा. हा क्रम उलटा करूं नये.

त्या अर्जासोबत मुलाला किंवा मुलीला सरकारला हमी लिहून द्यावी लागते. तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न असल्याचें दाखवून, आईबापांचा भार मी उचलीन, असें त्यांत असतें. ती हमी केवळ सद्भावनेची नाहीं, कायद्याची आहे, आणि अनेक वर्षें टिकते. आपण ज्या कागदावर सही करीत नाहीं, त्याच कागदाचें ओझें आपल्या लेंकरांवर पडतें, हें आईबापांनीं समजून घ्यावें.

तिसरी गोष्ट पैशाची. ग्रीन कार्ड मिळालें कीं अमेरिकेचें सरकार साऱ्या जगांतल्या उत्पन्नाचा हिशेब मागतें. येथील बँकांतील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षांत एकदां जरी दहा हजार डॉलरांवर गेली, तरी ती दरवर्षीं कळवावी लागते. न कळविल्यास दंड जबर आहे. पी.पी.एफ.चें व्याज येथें करमुक्त असलें तरी तेथें तसें मानीत नाहींत. येथील म्युच्युअल फंडांना तर तेथील करनियम इतके क्लिष्ट लागतात कीं, फायद्यापेक्षां हिशेबनिसाचें वेतन जड व्हावें. जाण्यापूर्वीं दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसास एकदां फी देऊन विचारावें. शेजाऱ्याच्या मुलास फुकट विचारूं नये. इकडे कायमचा मुक्काम हलविला कीं आपलीं साधीं बचत खातीं अनिवासी खात्यांत बदलून घ्यावीं लागतात. पी.पी.एफ. मुदत संपेपर्यंत चालतो, पुढें वाढवितां येत नाहीं. निवृत्तिवेतन चालूं राहतें, मात्र हयातीचा दाखला दर नोव्हेंबरांत द्यावयाचा असतो. परदेशीं असल्यास तो भारतीय वकिलातीमार्फत पाठवितां येतो. आपण जिवंत आहों हें दरसाल सिद्ध करावें लागतें, हें कोणत्याहि देशीं चुकत नाहीं.

चौथी गोष्ट घराची. येथें माझें मत अगदीं ठाम आहे. पहिलीं दोन वर्षें घर विकूं नये. मग गिऱ्हाईक कितीहि चांगलें येवो. भाड्यानें द्यावयाचें तर अकरा महिन्यांचा करार करावा आणि एक खोली आपल्या कुलुपाखालीं ठेवावी. पुतण्याला किंवा स्नेह्याला सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊं नये. भाडें घेणें, कर भरणें, डागडुजी करणें, एवढ्याच कामांपुरतें मुखत्यारपत्र द्यावें. वडिलार्जित शेतजमीन अनिवासी झाल्यावरहि ठेवतां येते, परंतु एकदां विकली तर पुन्हां घेतां येत नाहीं. घर आणि जमीन यांची किंमत उताऱ्यावर जी असते, तिच्यापेक्षां परत येण्याची सोय म्हणून ती अधिक असते.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मास्तरांनीं न जाण्याचाच निर्णय केलेला दिसतो. तसें नाहीं. वहीच्या शेवटच्या पानावर मीं एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली आहे : सावधगिरी फुकट मिळत नाहीं. मेडिकेअरचीं तीं पांच वर्षें राहावयास गेल्यापासून मोजतात. मी आज गेलों तर बहात्तराव्या वर्षीं पात्र होईन. पंचाहत्तराव्या वर्षीं गेलों तर ऐंशीच्या वर्षीं. आणि पंचाहत्तरीस तो सोळा-सतरा तासांचा प्रवास, तो हिंवाळा, ती नवी भाषा अधिक सोपी होणार नाहीं. नातू आज आठ वर्षांचा आहे. आजीजवळ झोपण्याचें त्याचें वय आणखी दोन वर्षें टिकेल. थांबणें म्हणजे सुरक्षित राहणें, असें आम्हां मास्तरलोकांस वाटत असतें. थांबण्याचेंहि बिल येतें, तें उशिरां येतें इतकेंच.

आणि एक विचार, जो वहींत लिहिला नाहीं. आमच्या पूजेच्या संकल्पांत आपण बसलों आहों त्या जागेचा उच्चार करावा लागतो : भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचें दक्षिण तीर. साठ वर्षें हा उच्चार जिभेवर बसला आहे. न्यू जर्सीस कन्येच्या घरीं सत्यनारायण झाला, तेव्हां तेथील पुरोहितांनीं भरतखंडाच्या जागीं क्रौंचद्वीप म्हटलें. मी चमकलों. नंतर मनाशीं म्हटलें, गुरुजींचें बरोबर आहे. रॅरिटन नदीच्या कांठीं बसून गोदावरीचें नांव घेणें हें देवापुढें खोटें बोलणें होईल. पण त्या शब्दासरशीं एक गोष्ट कळली. कायमचें जाणें म्हणजे रोजचा संकल्प बदलणें, आणि एके दिवशीं आपल्या नांवाचा जो शेवटचा संकल्प दुसरा कोणी सोडील, त्यांतलीहि जागा बदलणें. हें ज्याला जमेल त्यानें आनंदानें जावें. ज्याला जमणार नाहीं त्यानें तें आधींच ओळखावें.

गेल्या माघांत, घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालूं असतां, आम्ही दोघें पायरीवर बसलों होतों. मी वहीतलें सर्व वाचून दाखविलें. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्हीं सगळा हिशेब दोघांचा केलात. दोघें असेपर्यंत कोठेंहि निभावेल. एकटें उरल्यावर काय, तें लिहा."

मी म्हणालों, "तूं उरलीस तर मुलीकडे जाशील, हें ठरलेलेंच आहे."

"माझें ठरलेलें आहे. तुमचें?"

मी गप्प राहिलों. तिला माझा स्वभाव चाळीस वर्षें ठाऊक आहे. मी एकटा उरलों तर कोणास कांहीं कळविणार नाहीं, खानावळीचा डबा लावीन, घाटावर जाऊन बसेन आणि मुलीला फोनवर 'सर्व ठीक आहे' म्हणून सांगत राहीन, हें तिनें ओळखलें होतें. कन्येनें बिल लपविलें म्हणून मी इतका दुखावलों. पण मीहि तेंच करणार होतों.

त्या रात्रीं आम्हीं जें ठरविलें तें असें. मला सत्तर पूर्ण होईपर्यंत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करावयाचा नाहीं. तोंपर्यंत पाहुणे म्हणून दोन खेपा, प्रत्येकी सहा महिन्यांच्या आंत, आणि त्यांतली एक पुन्हां हिंवाळ्यांत. विमा जुन्या दुखण्याचें कलम वाचून, आणि त्याचा खर्च आमच्याच पैशांतून. कन्येनें जो हप्ता फेडला त्यांतला निम्मा आम्हीं दिला. तिनें घेतला, आणि मला वाटतें त्यानें तिलाहि बरें वाटलें असावें. खर्च लपवावयाचा नाहीं, हा करार दोन्ही बाजूंचा. सत्तरीस पुन्हां बसून होय किंवा नाहीं ठरवावयाचें. आणखी पुढें ढकलावयाचें नाहीं. घर विकावयाचें नाहीं. आणि त्यापूर्वीं दोघांपैकीं एकच उरलें, तर जें उरेल त्यानें वर्षाच्या आंत मुलीस अर्ज करूं द्यावयाचा. हें शेवटचें कलम पत्नीनें माझ्या हस्ताक्षरांत लिहवून घेतलें, खालीं माझी सही घेतली, आणि कागद देवघराच्या फडताळांत ठेविला. त्याची नक्कल मुलीकडे गेली आहे.

ज्या वाचकांनीं पत्रें लिहिलीं त्यांना माझें सांगणें इतकेंच. जावें किंवा जाऊं नये, हें मीं सांगण्यासारखें नाहीं. तुमचीं माणसें, तुमची प्रकृति आणि तुमचा पैसा तुम्हांस ठाऊक. नियम बदलत असतात, तेव्हां निघण्यापूर्वीं ते नव्यानें पाहून घ्यावे. परंतु अवघड ऋतु आधीं पाहावा, घर शेवटीं हलवावें, आणि पैशाची गोष्ट मुलांपासून व मुलांनीं आपल्यापासून लपवूं नये. सर्वांत आधीं, उभयतां एकत्र बसून एकटेपणाचा विचार बोलून टाकावा. तो बोलण्यास जड जातो. म्हणूनच दोघें असतांना तो बोलून ठेवावा.